ठाणेदाराचा डबा

पांढुर्णा, २८ एप्रिल

अलका,

आशीर्वाद वगैरे शेवटी बघू. आत्ता माझ्या हातून ते लिहिले जाणार नाहीत.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू बोलतेस कुठे? तुमच्या घरी फोन वाजला की तो स्पीकरवर टाकून ओसरीत मधोमध ठेवायचा आणि भगवंतरावांपासून सासूबाईंपर्यंत सगळ्यांनी ऐकायचं. मग तू 'हो ताई, हो ताई' करतेस आणि मला कळून चुकतं की यातलं काहीएक होणार नाही. नवऱ्याला आणि सासूला ऐकू न जाता तुला झापायचं, तर माझ्याकडे कागदच उरला.

परवा नागपूरच्या डॉक्टरांनी ठाणेदाराच्या पोटाला हात लावला आणि त्यांचा चेहरा बदलला. लघवी तुंबून पोट कच्च्या संत्र्यासारखं टणक झालं होतं. अजून एक दिवस गेला असता तर बोका हातचा गेला असता, हे त्यांनी तुला तोंडावर सांगितलं. आणि नागपूरला आणण्याआधी तू त्याला काय दिलंस? दूध-तूप. त्याला शौचाला होत नाही, हे तुझं निदान. तो वाळूत बसून कण्हतोय आणि तू त्याला तूप चाटवतेयस. तळपायाची आग मस्तकात जाते माझ्या.

आईचा बोका आहे तो. दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची झडती घेतल्यासारखा बघायचा, म्हणून आईने त्याचं नाव ठाणेदार ठेवलं. पांढुर्ण्याला होता तोवर त्याला कधी शिंकही आली नाही. आई गेली, तू त्याला सौंसरला नेलंस आणि वर्षाच्या आत त्याला नळी घालायची वेळ आली.

खायला काय देता, असं डॉक्टरांनी विचारलं. तू म्हणालीस, "बिस्कीट." ते पाकिटातले कोरडे दाणे! दोन्ही वेळा तेच. बाहेर आल्यावर मी विचारलं, ओलं का देत नाहीस, तर खाली मान घालून म्हणालीस, "ताई, आमच्या घरी कोरडं चालते. ओलं नाई चालत."

तुझ्या सासूबाईंचा नियम मला ठाऊक आहे. कोरडं असेल ते कुठेही ठेवा, त्याचं खरकटं होत नाही. पाणी लागलं, शिजलं, की झालं खरकटं; मग जागा सारवा, हात धुवा, लुगडं बदला. आणि मांस-मच्छी तर तुमच्या उंबऱ्याच्या आतच नको. ठीक आहे. चिवड्या-लाडवापुरता तो नियम मलाही मान्य आहे. पण बोक्याच्या मूत्राशयाला तो कसा समजावणार?

डॉक्टर इतकं फोड करून सांगत होते. मांजराला मुळात तहानच कमी लागते. उंदीर-चिमणी खाल्ली की त्यातलंच पाणी त्याला पुरतं. दाण्यांत पाणी नावाला, म्हणून लघवी घट्ट होते, तिचे खडे धरतात, आणि बोक्यांची नळी आधीच अरुंद. आणि तू काय म्हणालीस? "वाटी भरून ठेवतो नं पाणी. तो पीतच नाई, तं मी काय करू?" अगं, तो पीत नाही म्हणूनच तर जेवणातून द्यायचं!

सोबत डबा आहे. सौंसरला जाणाऱ्या पहिल्या गाडीवरचा वामन कंडक्टर शाळेत माझा विद्यार्थी होता, तो एक दिवसाआड आणून देईल. उकडलेली कोंबडी आहे, हाडं काढून, तिच्याच पाण्यात कुस्करलेली. मीठ नाही, आणि कांदा-लसूण चुकूनही घालायचा नसतो. नुसती कोंबडी पुरत नाही म्हणून डॉक्टरांनी सांगितलेलं मांजराचं ओलं खाणं त्यात कालवलं आहे. डबा ओल्या फडक्यात गुंडाळला आहे. पोचला की लगेच दे, उन्हाचा ठेवू नकोस. पाण्याची वाटी जेवणापासून लांब ठेव, आणि वाटी कसली, मातीचं पसरट परळ ठेव. मिश्या कडेला घासल्या की त्याला आवडत नाही. आईला हे कोणी शिकवलं नव्हतं, तरी तिला कळायचं.

उर्मिला


पांढुर्णा, ४ मे

अलका,

डबा मिळाला. घासून-पुसून लख्ख, वर आत मूठभर साखर. मोकळा डबा परत करायचा नसतो, ही रीत तू बरोबर पाळलीस. रीती पाळण्यात तुझा हात कोणी धरणार नाही.

पण साखर मागितली होती का मी? त्याने खाल्लं का? सगळं खाल्लं की पाणी पिऊन बोट्या ठेवल्या? वाळूत लघवीचे गोळे मोठे दिसतात की अजून थेंब-थेंबच? कागदाच्या चिटोऱ्यावर दोन ओळी लिहिता आल्या असत्या. फोन केला तर "खाल्लं नं ताई, खाल्लं" इतकंच, आणि मागून भगवंतराव विचारताहेत, काय खाल्लं म्हणून.

तुला वाटत असेल, ताई रिटायर झाली, हिला आता उद्योग नाही, म्हणून एका बोक्यापायी जिवाचा आटापिटा करते. वाटू दे.

आई शेवटच्या वर्षी पाणी मागेनाशी झाली होती. "तहानच नाई व लागत," म्हणायची. तू महिन्यातून एकदा यायचीस, तांब्या भरून तिच्या उशाशी ठेवायचीस आणि सांगायचीस, "आई, पाणी इथं आहे." संध्याकाळी तू बसमध्ये बसायचीस आणि तांब्या भरलेला तसाच. मी तिला पाणी पी म्हणून कधी सांगितलं नाही. पातळ पेज दिली, वरणाचं वरचं पाणी दिलं, ताकात भात कालवून दिला, टरबुजाच्या बिया काढून फोडी भरवल्या. तिच्या ताटातच पाणी होतं. तिला कळलंही नाही आणि तिची जीभ कधी कोरडी पडली नाही. ठाणेदार तिच्याच खाटेखाली बसून स्वतःची वाटी चाटायचा. दोघांचं मी एका वेळी करायची.

आणि तरी तिने बोका तुझ्या हवाली केला. "अलकाजवळ राहू दे त्याले." माझ्यासमोर म्हणाली. मी का म्हणून विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. करायचं मी आणि द्यायचं तुला? त्याचा राग मला आईचा येतो. पण तिला पत्र पोचवायची वामनची सोय नाही, म्हणून तुझ्यावर निघतो. निघू दे. तू तेवढं सहन कर.

पुढच्या डब्यात साखर नको. उत्तर पाठव.

उर्मिला


पांढुर्णा, १० मे

अलका,

आज वामनने सगळं सांगितलं. मी त्याला सहज विचारलं, डबा कोण घेतं रे? तो म्हणाला, "मॅडम, तुमच्या बहीनबाईच घेतेत. त्या मांजराले पिशवीत घालून आनतेत नं स्टँडवर. चहाच्या टपरीमांगं बसून तिथंच चारून राह्यतेत. मंग नळावर डबा घासतेत अन् माझ्याजवळ देतेत. साखर घरून पुडीत बांधून आनतेत."

ऐकून मी खुर्चीवरून उठले ते पुन्हा बसलेच नाही. घरभर फिरले. कृषी केंद्राच्या मालकाची बायको, पन्नाशीची बाई, सौंसरच्या बसस्टँडवर टपरीमागे मातीत बसून बोक्याला चारते! अर्धं गाव तुला ओळखतं. मी वामनला म्हटलं, लोक काही म्हणत नाहीत का? तर म्हणाला, "लोकं पाह्यतेत. त्या कोनाकडं पाह्यतच नाईत."

इतकी हिंमत आहे तुझ्यात. गावासमोर मातीत बसायची हिंमत आहे आणि स्वतःच्या ओसरीत सासूसमोर एक वाटी ठेवायची नाही. याला काय म्हणायचं, मला सांग. मला रडू आलं असेल असं समजू नकोस. राग आला.

म्हणजे माझा डबा तुमच्या उंबऱ्याच्या आत एकदाही गेलेला नाही. म्हणजे ज्या दिवशी डबा नाही, त्या दिवशी तो दोन्ही वेळा ते पाकिटातले दाणेच खातो. एक दिवस ओलं, एक दिवस कोरडं. हा अर्धवट उपचार आहे, अलका, आणि तो कधीही अंगाशी येईल. दाणेच द्यायचे तर निदान कोमट पाण्यात भिजवून दे, आणि तासाभरात उरलेलं टाकून दे. पण भिजवले की तेही ओलं झालं, नाही का?

पंधरा तारखेला तुमच्याकडचं लग्न आहे मोहगावला. तू दोन दिवस तिकडे असशील. त्याला कोण बघणार? सासूबाई मूठभर दाणे टाकतील आणि देवाला हात जोडतील. बोल त्यांच्याशी. स्पष्ट बोल. नसेल बोलवत तर मी येऊन बोलते. मी पांढुर्ण्याची आहे, दगड उचलायला मला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या गोटमारीची वाट पाहावी लागत नाही.

उर्मिला


नागपूर, १६ मे

अलका,

डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या बाकावर बसून लिहिते आहे. ठाणेदार आत आहे. पुन्हा नळी घातली. जिवंत आहे, हे आधी वाच आणि मग पुढचं.

काल तुला मी किती फोन केले ते फोनमध्ये दिसेलच. मोहगावला बँड वाजत असेल. तो आवाज तुला ऐकू आला, माझा नाही.

मला राहवलं नाही, म्हणून मी काल पहिल्या गाडीने डबा घेऊन स्वतःच सौंसरला आले. तुमच्या घरी तुझ्या सासूबाई एकट्याच. ओसरीत ठाणेदार वाळूच्या घमेल्यात बसलेला. उठला, पुन्हा बसला. वाळू कोरडी ठक्क. माझ्याकडे बघून त्याने तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही.

त्याला पिशवीत घालता घालता मी डॉक्टरांकडून आणलेलं ओल्या खाण्याचं पाकीट जरा ओसरीच्या कठड्यावर ठेवलं. त्यावर कोंबडीचं चित्र. सासूबाई एकदम मागे सरकल्या. "बाई, ते उचल पह्यले. कोंबडीचं हाय नं ते? आमच्या घरात नाई चालत. त्याचे बिस्कीट हायेत नं बरणीत."

बरणी बघितली आणि मला सगळा उलगडा झाला. मी तेव्हा काय बोलले ते तुला त्यांच्याकडून कळेलच, पण माझ्याकडून ऐक. मी म्हटलं, "मावशी, तीही कोंबडीचीच आहेत. वर्षभर तुमच्या ओसरीत कोंबडीच आहे, फक्त वाळवलेली. त्या पाकिटावरही हेच चित्र असतं. अलका ते फाडून फेकते आणि दाणे बरणीत ओतते, तुम्हाला दिसू नये म्हणून."

हो, सांगून टाकलं. तुझं बिंग फोडलं. त्यांना पिठाची बिस्किटं वाटत होती आणि तू वाटू दिलंस. एवढं एक खोटं सांभाळण्यासाठी तुला त्याला कोरडंच खायला घालावं लागलं. भिजवलं असतं तर वास सुटला असता, वास सुटला असता तर विचारणं आलं असतं. तुझ्या घरची शांतता त्या बोक्याच्या तहानेवर चालली होती, अलका.

मला वाटलं, म्हातारी आता बरणी फोडते की मला हाकलते. त्या नुसत्या बरणीकडे बघत राहिल्या. मग ठाणेदाराकडे. मग म्हणाल्या, "म्हंजे इटाळ तं वर्साभरापासूनच होऊन राह्यला."

मी म्हटलं, "हो. आणि नुसतं कोरडं खाऊन त्याच्या पोटात पाणीच जात नाही, म्हणून लघवी तुंबली."

"तं मंग त्याले तहानेलं काहून ठेवलं तिनं?"

याचं उत्तर तू त्यांना दे. त्यांनी देवघरातला हळद-कुंकवाचा करंडा आणला, बोक्याच्या कपाळाला बोट लावलं आणि मला म्हणाल्या, "जाय बाई, गाडी सुटून जाईन."

डॉक्टर म्हणतात, तिसऱ्यांदा असं झालं तर ऑपरेशन, आणि त्याच्या वयात त्याची खात्री ते देत नाहीत. म्हणून माझं ठरलं आहे. इथून त्याला मी पांढुर्ण्याला नेणार. तुझ्याकडे परत पाठवणार नाही. आईने काय सांगितलं होतं ते मला ऐकवू नकोस. ती असती तर तिनेही हेच केलं असतं.

उर्मिला


पांढुर्णा, २० मे

अलका,

फोन करू नकोस. मी उचलणार नाही.

ठाणेदार इथे मजेत आहे. भरपेट खातो. आईच्या खाटेखालची त्याची जागा त्याला आठवते. तुझी काही गरज नाही.

उर्मिला


पांढुर्णा, २५ मे

अलका,

वीस तारखेचं पत्र खोटं आहे. तो खात नव्हता.

एकोणीसला दवाखान्यातून घरी आणला. आईच्या खाटेखाली गेला खरा, पण तोंड भिंतीकडे करून. मी त्याच्या जुन्या वाटीत वाढलं. बशीत वाढलं. परळात वाढलं. कोंबडीऐवजी तलावाची मासोळी आणली, काटे काढून, तिच्या पाण्यासकट. वास घ्यायचा आणि मागे वळायचा. डॉक्टरांनी बजावलं होतं, मांजर उपाशी राहिलं की यकृतावर जातं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी चिडून सगळं फेकायला निघाले. तेवढ्यात ओट्यावरच्या डब्याचं झाकण वाजलं, आणि तो खाटेखालून बाहेर आला. पार स्वयंपाकघराच्या दारापर्यंत येऊन बसला. झाकणाकडे बघत.

मी झाकणात थोडं घातलं. त्याने खाल्लं नाही. माझ्या हाताकडे बघत राहिला. मग मला कळलं, आणि कळल्याबरोबर असा राग आला की काय सांगू. मी जमिनीवर बसले, दोन बोटांवर थोडंसं घेतलं आणि त्याच्या पुढ्यात धरलं. तेव्हा खाल्लं. बोट चाटून पुसून साफ केलं आणि पुन्हा वर बघितलं. सगळं झाकण संपेपर्यंत एकेक बोट असं मला भरवावं लागलं. मग झाकण कलतं केलं, तर उरलेलं पाणी लपालपा प्यायला.

काय सवय लावून ठेवलीस ही! माझ्या हातचं अन्न त्याला हवं, पण तुझ्या पद्धतीने. त्या टपरीमागे तू डबा ठेवून लांब उभी राहत असशील असं माझ्या डोक्यात होतं. तू त्याला बोटाने भरवत होतीस. मांस कधी हाताला न लावलेली बाई, कोंबडीत बोटं बुडवून, शेवटचा घोट संपेपर्यंत तिथे मातीत बसत होतीस. हे तू मला सांगितलं नाहीस. मी इतकी बोलले, तरी एकदाही नाही. मूग गिळून बसलीस. कशी बहीण आहेस तू?

तेव्हापासून मी त्याला तसंच भरवते आहे. तो खातो, वाळूत गोळे मोठे दिसतात. पण खाऊन झालं की दारात जाऊन बसतो आणि रस्त्याकडे बघतो. येणाऱ्या-जाणाऱ्यांची झडती घेत नाही, कोणाची तरी वाट बघतो. मी त्याच्यामागे उभी राहून खूप चिडते. त्याचा काही उपयोग होत नाही.

आणि आज वामनने तुझी पिशवी आणून दिली. त्यात ती बरणी. रिकामी, धुतलेली, आत मूठभर साखर. खाली तुझ्या हातची चार वाक्यं, एवढ्या महिनाभरात पहिल्यांदा. "ताई, यातले दाणे फेकले. घरात सगळं सांगितलं, हेही बोलले, मीही बोलले. सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, मग काल परसातल्या न्हाणीजवळचा ओटा सारवून घेतला अन् म्हणाल्या, इथं त्याचं ओलं होऊ दे, आंघोळ मी नंतर करीन. त्याले परत दे असं मी म्हणत नाही, फक्त सांगून राहिले."

ते वाचून मी बरणी आपटणार होते. नाही आपटली. वर्षभर जे एका वाक्यात होणारं होतं, ते व्हायला माझ्या बोक्याला दोनदा नळी घालावी लागली! हा राग माझा जाणार नाही, हे लक्षात ठेव. मी मरेपर्यंत तुला ऐकवीन. दरवेळी ऐकवीन.

घर मोठं वाटतं मला आता. आईसाठी पेज करत होते तेव्हा वाटत नव्हतं. हा इथे राहिला असता तर मला बरं वाटलं असतं, हे मी तुला स्वच्छ सांगते. पण बोका दारात बसून तुझी वाट बघतो आणि मी त्याच्या जेवणात पाणी कालवू शकते, तुला कालवू शकत नाही.

उद्या पहिल्या गाडीने त्याला घेऊन येते आहे. हे पत्रही मीच तुझ्या हातात देईन, कारण समोर आलं की मला फक्त भांडता येतं. तुझ्या सासूबाईंना सांग, मी परसातूनच येईन. आणि आशीर्वाद. एप्रिलपासून अडवून ठेवले होते, ते सगळे एकदम घे.

ताई

ता. क. डबा सोबत आणते आहे. तो घासून, साखर घालून परत पाठवायचा नाही. झाकणासकट त्या ओट्यावर राहू दे.